तात्पर्याच्या अलीकडे

द्यूतात सर्वस्व गमावून वनात राहणारा युधिष्ठिर बृहदश्व ऋषींना विचारतो, की माझ्याहून हतभागी राजा आपण कोठे पाहिला किंवा ऐकला आहे काय. आणि ज्या ऋषींना धर्माचा उपदेश करणे किंवा निदान धीराचे चार शब्द बोलणे सहज शक्य होते, ते यांपैकी काहीच न करता नळराजाची कथा सांगू लागतात. नळही द्यूतातच राज्य हरला, पत्नीला अरण्यात निजलेली टाकून गेला आणि विद्रूप होऊन परक्याच्या पदरी सारथी म्हणून राहिला. युधिष्ठिर पात्र म्हणून त्या कथेत कोठेही नाही, तरी तिचा प्रत्येक शब्द त्याच्याचसाठी आहे. कथा संपल्यावर मग ऋषी त्याला अक्षविद्या देतात. आधी कथा आणि मागाहून विद्या, हा क्रम आपण, म्हणजे मुलांना वाढवणारी माणसे, बहुधा उलटा करून ठेवतो.

'लेकी बोले सुने लागे' ही म्हण सासूच्या जिभेचा काटा दाखविण्यासाठी वापरतात खरी. परंतु गोष्टीच्या उपकारकतेचे मर्मही त्याच आडवळणात आहे. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला समोर बसवून "तुला काय होतंय?" असे विचारले, की "काही नाही" एवढाच जबाब देऊन तो उठून जातो, कारण त्या वयात दुःखापेक्षा दुःखाची चौकशी अधिक असह्य असते, आणि त्या दुःखाला नाव देण्यापुरते शब्दही पुष्कळदा त्याच्यापाशी नसतात. गोष्ट चौकशी करीत नाही. ती दुसऱ्याच्या घरी घडते. वाटले तर हुंकार द्यावा, न वाटले तर पान मिटावे.

गोष्टीच्या या उपयोगाला आता ग्रंथोपचार असे भारदस्त नाव मिळाले आहे. त्याचा मूळ इंग्रजी शब्द, बिब्लिओथेरपी, सॅम्युअल क्रॉदर्स या अमेरिकन धर्मोपदेशकाने १९१६ साली योजला, तोही पुस्तकांचे नुस्खे लिहून देणाऱ्या एका कल्पित चिकित्सकाची गंमत सांगताना. त्या थट्टेतला इशारा विसरू नये. ज्या मुलाची झोप, भूक आणि आशा तिन्ही एकदम तुटली आहेत, त्याच्या हाती पुस्तक देऊन डॉक्टरांकडे नेण्याचे लांबणीवर टाकणे हा अपराधच होय. पुस्तक हे सोबत आहे. इलाजाची जागा त्याने घेऊ नये.

ही सोबत कशी असते, ते मी एकदाच जवळून पाहिले. एका तालुक्याच्या गावी शाळेच्या ग्रंथालयाचे दप्तर माझ्याकडे होते. नववीतल्या एका मुलाची आई त्या पावसाळ्यात वारली आणि दिवाळीनंतर त्याने आपण होऊन 'श्यामची आई' मागितले. साने गुरुजींनी १९३३ च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात, अवघ्या पाच दिवसांत लिहून काढलेले हे पुस्तक रात्रींमध्ये विभागलेले आहे, आणि शेवटच्या रात्रींत काय येणार हे मराठी घरातल्या मुलाला सांगावे लागत नाही. पंधरा दिवसांची मुदत भरली की तो पुस्तक रुजू करी आणि तेच पुन्हा आपल्या नावावर चढवून घेई. आत खुणेला एस. टी. चे तिकीट असे. ते दर खेपेस थोडे पुढे सरके, पण अखेरच्या काही पानांच्या अलीकडे येऊन थांबे. मृत्यूने त्याला मुदत दिली नव्हती. पुस्तक ती देत होते.

त्याच्या वर्गशिक्षकांनी सद्भावनेनेच सुचविले, की या पुस्तकावर त्याच्याकडून निबंध लिहून घ्यावा, म्हणजे मन मोकळे होईल. मी नको म्हटले. गोष्ट सांगून झाल्याबरोबर "काय शिकलास?" असा तगादा लावणारा माणूस मुलाला दुसऱ्याच्या घरातून ओढून पुन्हा उलटतपासणीला उभा करतो. तात्पर्य वाचणाऱ्याने काढायचे असते, आणि नाही काढले तरी गोष्टीचे काही बिघडत नाही.

माघ संपता संपता त्याने पुस्तक टेबलावर ठेवले. मी सवयीने पाने चाळली. तिकीट कोठेच नव्हते. मी त्याच्याकडे न पाहता रजिस्टरात तारीख घातली आणि पुढे 'जमा' असे लिहिले. पुस्तक पुन्हा मागण्यासाठी तो थांबला आहे असे मला वाटले, तेवढ्यात कपाटाच्या वरच्या, विनोदी पुस्तकांच्या खणाकडे बोट करून तो म्हणाला, "सर, चिमणरावाचं आहे का एखादं?"