शाई, डांबर आणि पवनेचं पाणी

पिंपरी-चिंचवडमधल्या पुनावळ्याच्या अंडरपासमध्ये संध्याकाळी सातला गाडी अडकली की बातम्या वाचायला भरपूर वेळ मिळतो. हिंजवडीहून घरी निघालेला इथला नोकरदार राज्याचं राजकारण बहुधा तिथेच, हँडब्रेक ओढून, उरकतो. जुलै 2025 मध्ये मुंबईच्या आमदार निवासात शिळ्या डाळीवरून एका आमदाराने कँटीनच्या कर्मचाऱ्याला ठोसे लगावले, ती चित्रफीत अशाच कोंडीत पाहिली गेली. सोसायटीच्या ग्रुपवर पहिली प्रतिक्रिया आली: "आमच्या मेसवाल्याकडेही पाठवा यांना." पुढच्याच आठवड्यात विधानभवनाच्या लॉबीत दोन आमदारांचे समर्थक एकमेकांवर धावून गेले, तेव्हा कुणीतरी विचारलं, "पार्किंगवरून का?"

या थट्टेला निव्वळ बेफिकिरी म्हणणं सोपं आहे, पण ते अर्धंच खरं. ठोसा असेपर्यंत ग्रुप हसतो. फेब्रुवारी 2024 मध्ये उल्हासनगरच्या पोलीस ठाण्यात, चक्क वरिष्ठ निरीक्षकाच्या दालनात, सत्ताधारी आमदाराने मित्रपक्षाच्या नेत्यावर गोळ्या झाडल्या. सहा दिवसांनी दहिसरला फेसबुक लाइव्ह चालू असतानाच एका माजी नगरसेवकाचा खून झाला. त्या रात्रीही विनोद टाइप झाले असणार. पण वाचायला उरलं ते एवढंच: हा संदेश हटवला गेला.

सगळ्यात जास्त विनोद झाले ते शाईवर, आणि ती घरचीच होती. महात्मा फुले, डॉ. आंबेडकर आणि कर्मवीर भाऊराव पाटील यांनी शाळांसाठी भीक मागितली, असं मंत्री चंद्रकांत पाटील पैठणला म्हणाले. 10 डिसेंबर 2022 ला चिंचवडमध्ये त्यांच्या तोंडावर शाई फेकली गेली. बंदोबस्तातले पोलीस निलंबित झाले आणि शाई फेकणाऱ्यांवर खुनाच्या प्रयत्नाचं कलमही लागलं (ते पुढे मागे घेतलं गेलं). आठवडाभरात सांगवीच्या पवनाथडी जत्रेला पाटील फेस शील्ड लावून आले. करोना सरल्यावर माळ्यावर टाकलेली ती प्लास्टिकची ढाल आता साथीऐवजी मतभेदाला अडवत होती. नागपूरच्या अधिवेशनात तर शाईच्या पेनालाच मज्जाव झाला. जिथे कायदे लिहायचे तिथे दौतच संशयित! यापुढे कुणी आणखी काय थट्टा करणार?

तरीही शाईफेकीला शौर्य म्हणताना जीभ अडखळते. मुलींना शिकवायला निघालेल्या सावित्रीबाईंच्या अंगावर पुण्यात शेण फेकलं गेलं होतं. फुल्यांच्या सन्मानासाठीही पुन्हा कुणाच्या तोंडावर काहीतरी फेकावं, याचं नवल त्या दिवशी फारसं कुणाला वाटलं नाही.

शिवाय चिंचवडला या प्रकाराचा जुना इतिहास आहे. इथल्या दामोदर चापेकरांनी 1896 मध्ये मुंबईतल्या व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला डांबर फासलं, जोड्यांची माळ घातली आणि पुढे आत्मवृत्तात ते लिहूनही ठेवलं. 22 जून 1897 च्या रात्री चापेकर बंधूंनी पुण्यात गणेशखिंड रस्त्यावर रँड आणि आयर्स्ट या ब्रिटिश अधिकाऱ्यांवर गोळ्या झाडल्या. डांबरापासून पिस्तुलापर्यंत वर्षसुद्धा लागलं नाही. परक्या सत्तेविरुद्धचं ते कृत्य आणि आजची शाई एका तागडीत घालता येणार नाही. पण चापेकर चौकातल्या शिल्पासमोर सिग्नलला थांबलेल्या माणसाने शाईला हसताना आवाज जरा खाली ठेवलेला बरा.

गंमत अशी की ज्या हिंसेशी पुनावळ्याचा रोजचा संबंध आहे, तिच्यावर विनोदच नाही. पिंपरी-चिंचवडला पाणी मिळतं ते मुख्यतः पवनेचं. नदीपात्रातून वाहत आलेलं पाणी महापालिका पुनावळ्याला लागून असलेल्या रावेतच्या बंधाऱ्याशी उचलते. ते पवना धरणातूनच बंद जलवाहिनीने आणायची योजना होती. आपलं पाणी जाईल म्हणून मावळातले शेतकरी उठले आणि 9 ऑगस्ट 2011 रोजी, ऐन क्रांतिदिनी, बऊरजवळ मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर उतरले. पोलिसांनी गोळीबार केला. तिघांचा जीव गेला. त्यांत एक बाई होती. काम थांबलं. त्यावरची स्थगिती उठायला सप्टेंबर 2023 उजाडला.

मधल्या काळात मावळ आठवला तो मुख्यतः दुसऱ्याला गप्प करायला. ऑक्टोबर 2021 मध्ये लखीमपूर खेरीत शेतकरी चिरडले गेले आणि तेव्हा सत्तेत असलेल्या महाविकास आघाडीने राज्यात बंद पुकारला. विरोधी बाकांवरून उत्तर तयार होतं: मावळात गोळ्या कुणाच्या राजवटीत सुटल्या? प्रश्न चुकीचा नव्हता. पण मेलेल्या माणसांचा असा चेंडू झाला की तो टोलवणारे दोन्हीकडे सापडतात.

पुनावळ्यातल्या उंच इमारतींमधले बरेच रहिवासी 2011 नंतर इथे आले. त्यांना तो गोळीबार ठाऊक नसेल तर तो त्यांचा गुन्हा नव्हे. फ्लॅटच्या माहितीपत्रकात स्विमिंग पूल असतो, बऊर नसतं. त्यांच्या लेखी पाण्याचा प्रश्न म्हणजे टँकरचं बिल आणि नोव्हेंबर 2019 पासून शहरात सुरू झालेला दिवसाआडचा पुरवठा. 8 ऑगस्टच्या रात्रीही सोसायटीच्या ग्रुपवर नेहमीचीच चौकशी होते.

"उद्या पाणी आहे का?"

"नाही. उद्या आपला दिवस नाही."