आडजात

झाड तोडायच्या आधी ते कुठलं झाड आहे हे विचारलंच पाहिजे का? चुलीवर आधण ठेवायचंय, पोरं उपाशी बसलीत, तेव्हा पानाचा आकार बघत कोण बसतं? असं म्हणणाऱ्याला मी खोटं पाडणार नाही. भूक खरी आहे. 2016 पासून उज्ज्वलाची सिलिंडरं आली, पण भरायला पैसे नसले की बाई पुन्हा कोयता घेऊन रानात जाते.

तरी मी म्हणतो, आधी ओळख, मग घाव. का, ते सांगतो.

चंद्रपूर-गडचिरोलीकडं लाकडाच्या हिशेबात एक शब्द चालतो. साग एकीकडे, आणि साग सोडून बाकी सगळं 'आडजात'. ऐन आडजात, ज्याच्या पाल्यावर कोशाचे किडे जगतात. धावडा आडजात, ज्याचा डिंक बाळंतिणीच्या लाडवात पडतो. बिजा आडजात, ज्याच्या लाकडाच्या पेल्यातलं पाणी लोक मधुमेहावर पितात. हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तेव्हा माझी कानशिलं तापली. ही भाषा आपल्या ओळखीची आहे. एकाला नाव द्यायचं, बाकीच्यांचा ढीग करायचा. ढिगात टाकलं की विचारायचं कारण उरत नाही. कुऱ्हाड हलकी होते.

पण नुसतं नाव कळलं म्हणजे ओळख झाली का? तसंही नाही. आपलं आडनाव विचारणाऱ्याला बहुतेक वेळा ओळख नको असते, अंतर मोजायचं असतं. 1964 चा झाडतोडीचा कायदा आहे. त्याच्या यादीत आंबा, चिंच, मोह, जांभूळ, हिरडा, खैर अशी झाडं आहेत. परवानगीशिवाय ती तोडता येत नाहीत. कायदा चांगलाच आहे, पण तो एवढंच विचारतो, यादीत आहे की नाही? धर्म तर त्याहून पुढं गेला. पिंपळाची, उंबराची फांदी गरिबाच्या चुलीत गेली तर पाप, होमात समिधा म्हणून गेली तर पुण्य. झाड तेच, विस्तव तोच. मग फरक झाडात आहे की जाळणाऱ्याच्या जातीत?

खरी ओळख मी सरपणाला जाणाऱ्या बायांकडं बघितली. त्यांच्याकडं पुस्तक नाही. नाक आहे, नख आहे, अंगावर उठलेले फोड आहेत. बिब्ब्याच्या चिकानं अंग सुजतं, फोड येतात, म्हणून त्याला हात लावायचा नाही. शेराचा चीक डोळ्यात गेला तर डोळा जायची भीती. कण्हेर चुलीत घालायची नाही, तिचा धूरही विषारी. आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी मोह पानं झडून उभा असतो, नवख्याला वाळलेलाच वाटतो. तेव्हा म्हातारी म्हणते, "नखानं साल खरडून पाय. खाली हिरवं दिसलं त हात लावू नोको. थो मेला नाई, फुलाची वाट पायते." त्या एका मोहाच्या फुलांवर एखाद्या घराचे दिवस निघतात. नख लावायला पाच मिनिटं लागत नाहीत.

म्हणजे बघा, ओळखून तोडणं ही भरल्या पोटाची चैन नाही. ते गरिबाचंच शास्त्र आहे. चुकलं तर फोड त्याच्याच हाताला येतात, धूर त्याच्याच पोरांच्या छातीत जातो. ज्याच्याकडं यंत्राची करवत आहे, ठेका आहे, ट्रक उभा आहे, त्याला मात्र काही सोसावं लागत नाही. म्हणून हा प्रश्न आधी त्याला विचारा. त्याच्यापाशी वेळही आहे आणि पैसाही.

पण म्हणून आपण सुटलो असं नाही. ओळख न विचारता ज्यांना हजारो वर्षं बाजूला टाकलं, त्यांनीच समोर उभ्या झाडाला 'असंच कायतरी' म्हणून तोडलं, तर आपणही तोच ढीग रचतो. माहीत नसलेलं झाड निरुपयोगी असतं, हे कुणी ठरवलं? आपल्याला ते माहीत नाही, इतकंच खरं. तेव्हा ते आज राहू द्या. खाली पडलेल्या काटक्या वेचा, एक पान खिशात घाला आणि गावात जी जाणती म्हातारी असेल तिला दाखवा. तिनं सांगितल्यावर उद्या ठरवा. झाड उद्याही तिथंच असेल. तोडलेलं मात्र परत उभं करता येत नाही.