शस्त्र बाळगणे आणि शस्त्र मिरविणे

सण-उत्सव जवळ आले की नवी मुंबई पोलीस आयुक्तालय महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली मनाई आदेश काढते. तलवारी, भाले, सुरे, बंदुका, लाठ्या घेऊन सार्वजनिक ठिकाणी फिरण्यास काही दिवसांपुरती बंदी घातली जाते. आपण तो क्वचितच वाचतो. वाचकहो, तो निव्वळ सरकारी कागद मानावा, की त्याचा आपल्या दीनशीही काही संबंध आहे, याचा विचार आपल्या घराघरांत व्हायला हवा. कारण मिरवणुकीत तलवार फिरवणारा किंवा वाढदिवसाचा केक तलवारीने कापून त्याची चित्रफीत मोबाईलवर टाकणारा तरुण कोणत्याही घरातला असू शकतो. असे गुन्हे दाखल झाल्याच्या बातम्या महाराष्ट्रात आता नवलाच्या राहिलेल्या नाहीत.

इस्लामने शस्त्र निषिद्ध ठरविलेले नाही. आपल्या प्राणाचे, कुटुंबाचे किंवा मालमत्तेचे रक्षण करताना मारला गेलेला मनुष्य शहीद होय, ही शिकवण हदीसमध्ये स्पष्ट आहे. परंतु शस्त्र जवळ असणे ही एक गोष्ट आणि ते चारचौघांत उघडे धरणे ही दुसरी. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मस्जिदीतून किंवा बाजारातून बाण घेऊन जाणाऱ्यास बाणांची टोके हातात धरून ठेवण्याची आज्ञा दिली. म्यानाबाहेर काढलेली तलवार एकमेकांच्या हाती देण्यासही त्यांनी मनाई केली. आपल्या बंधूच्या दिशेने शस्त्र रोखू नये, असे सांगताना त्यांनी दिलेले कारण विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. शस्त्र धरणाऱ्याचा हेतू वाईट असेल, असे ते म्हणत नाहीत. सैतान केव्हा त्याचा हात ओढील हे त्यालाच ठाऊक नसते, असे सांगतात. म्हणजे "आम्ही केवळ गंमत करीत होतो" या सबबीला येथे जागाच उरत नाही.

आता कोणी म्हणेल की ईदच्या दिवशी मस्जिदे नबवीत हबशी लोकांनी भाल्यांचे खेळ केले होते आणि प्रेषितांनी (स.) ते पाहिले होते. होय, पाहिले होते. ते कसलेल्या हातांचे कौशल्य होते, आणि त्यात कोणाच्या दारासमोर थांबून दिलेली धमकी नव्हती.

सहीह बुखारीत ईदच्या प्रकरणात या विषयावर स्वतंत्र भागच आहे, आणि त्यातील एक घटना मला फार अर्थपूर्ण वाटते. हजच्या दिवसांत मिना येथे हजरत अब्दुल्लाह इब्न उमर (र.) यांच्या तळपायात भाल्याचे टोक घुसले. प्रशासक हज्जाज विचारपूस करण्यास आला आणि म्हणाला की, हे कोणी केले ते समजले असते तर बरे झाले असते. इब्न उमर (र.) यांनी उत्तर दिले की हे तूच केलेस, ज्या दिवशी शस्त्र घेतले जात नसे त्या दिवशी तू ते घेऊ दिलेस आणि हरममध्ये शस्त्र येऊ दिलेस. भाला कोणाच्या हातात होता, याचा शोध त्यांनी घेतला नाही. गर्दीत शस्त्र येऊ देणाऱ्यावर त्यांनी जबाबदारी टाकली. मिरवणुकीचे आयोजक, मंडळांचे पदाधिकारी आणि मुलाच्या हातात हौसेने तलवार देणारे वडील यांनी हे उत्तर स्वतःला लावून पाहावे.

त्याच भागात हसन बसरी (रह.) यांचे मत आले आहे की, ईदला शस्त्र घेण्यास मनाई होती; मात्र शत्रूचे भय असल्यास गोष्ट वेगळी. आपले तरुण नेमका हाच अपवाद पुढे करतील. भय आहे, ते खोटे नाही. इतरांच्या मिरवणुकीत तलवारी नाचतात तेव्हा कायदा डोळे मिटतो आणि आमच्या वेळी उघडतो, ही तक्रारही मी उडवून लावणार नाही. ती लेखी स्वरूपात, पुराव्यासह पोलीस आयुक्तांकडे आणि न्यायालयात मांडलीच पाहिजे. पण लोकांचे वैर तुम्हाला न्यायापासून ढळवू नये, हा सुरह अल-माइदाचा आदेश अशाच प्रसंगासाठी आहे. दुसऱ्याने मर्यादा मोडली म्हणून आपल्याला ती मोडण्याची परवानगी मिळत नाही.

सुरह अल-अन्फालमधील शक्तीची तयारी ठेवण्याची आज्ञाही अनेकदा उद्धृत होते. ती आज्ञा युद्धाच्या संदर्भात, करार मोडणाऱ्या शत्रूसंबंधी, नेतृत्वाखाली संघटित समाजाला दिलेली आहे. वाशीच्या बाजारातून जाणाऱ्या एकट्या माणसाला नव्हे. आणि शस्त्राने भय खरोखर टळते काय? १२ ऑक्टोबर २०२४ रोजी वांद्र्यात बाबा सिद्दीकी यांची गोळ्या घालून हत्या झाली, तेव्हा त्यांना पोलीस संरक्षण होते. अमेरिकेतील टेक्सास राज्यात २०२१ पासून अनेकांना परवान्याशिवायही पिस्तूल बाळगता येते, आणि २०२२ मध्ये तेथीलच युवाल्डी गावच्या शाळेत १९ मुले व २ शिक्षिका मारल्या गेल्या.

सिडकोने वसविलेल्या या शहरात जुने मोहल्ले फारसे नाहीत. एकाच जिन्यावर आगरी, मल्याळी, गुजराती, उत्तर भारतीय कुटुंबे राहतात. ज्याच्यापासून लोकांचे प्राण आणि मालमत्ता सुरक्षित असतात तो श्रद्धावंत, अशी व्याख्या हदीसमध्ये आली आहे. तेथे शब्द 'लोक' असा आहे. समोरच्या दारातील आजी आपल्या मुलाच्या हातातील तलवार पाहून आत वळत असेल, तर तिच्या मनातून आपण काय गमावले याचा हिशेब कोण ठेवणार?

बकरी ईदचा सुरा हा मात्र वेगळा विषय आहे. शस्त्रविषयक नियमांत नऊ इंचांहून लांब पात्याच्या शस्त्रांचा उल्लेख असला तरी घरगुती वापराची हत्यारे त्यातून वगळली आहेत. मनाई आदेशाच्या काळात मात्र उघडा सुरा अडचणीत आणू शकतो. धार लावून आणलेला सुरा जाड कापडात गुंडाळून, पिशवीत घालून थेट घरी न्यावा. मोटारसायकलवर मागे बसलेल्या मुलाच्या हातात तो देऊ नये. जनावरासमोर सुऱ्याला धार लावण्यासही प्रेषितांनी (स.) मनाई केली आहे. ज्या दीनने बकऱ्याच्या भयाचीही काळजी घेतली, त्याचे आपण अनुयायी आहोत.