तोच हा

सदाशिव पेठेतील ज्या थोड्या वाड्यांना अद्याप चौक आणि चौकात पाण्याचा हौद उरला आहे, त्यांपैकी एखाद्यात भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास, पावसाचा जोर ओसरून ऊन निवळू लागले म्हणजे, करडा धोबी उतरतो. पाठीने राखी, पोटाने पिवळा, आणि अंगाच्या मानाने चांगलीच लांब असलेली शेपटी अखंड खालीवर हालवीत तो ओल्या फरशीच्या कडेकडेने किडे टिपीत हिंडतो, आणि घरातील वडीलधारी माणसे त्याला पाहून सहज म्हणून जातात की, आला बघा आपला परीट! हिमालयात आणि त्याच्याही पलीकडच्या मुलखात वीण आटोपून आलेला हा पाहुणा गेल्या सालचाच आहे, हे त्यांना कशावरून कळले? एक धोबी दुसऱ्यासारखाच दिसतो. मग इतक्या निःशंक विधानाला प्रमाण कोणते?

आपल्या दर्शनकारांनी हा प्रश्न पाखराच्या निमित्ताने नसला, तरी मोठ्या बारकाईने चर्चिला आहे. पूर्वी एका गावी पाहिलेला देवदत्त पुढे दुसऱ्या गावी भेटला असता 'तोच हा' असे जे ज्ञान होते, ती प्रत्यभिज्ञा. नैयायिक तिला यथार्थ मानतात, तर क्षणिकवादी बौद्धांच्या मते ते केवळ सादृश्य असून, दिव्याची ज्योत क्षणोक्षणी नवी असताही एकच भासावी तसा तेथे ऐक्याचा भास होतो. या मताचे खंडन करताना शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात एक फार मार्मिक भेद केला आहे. बाहेरच्या वस्तूविषयी 'ही तीच की तिच्यासारखी दुसरी' असा संशय एखादे वेळी संभवेल, परंतु जो पाहणारा आहे त्याला स्वतःविषयी, 'काल पाहिले तो मीच की माझ्यासारखा दुसरा' असा संशय कधीही येत नाही.

चौकातील धोबी आपल्या दृष्टीने बाह्य वस्तू आहे, म्हणून आपला संशय वाजवी. आणि तो फेडण्याचे साधन मनुष्याला सापडले ते अगदी साधे. डेन्मार्कमधील व्हीबोर्ग येथील मॉर्टेन्सन या शिक्षकाने 1899 साली मैनेच्या कुळातील पक्ष्यांच्या पायांत ॲल्युमिनियमची क्रमांकित कडी घातली, आणि तेथून पद्धतशीर नोंदींना आरंभ झाला. आपल्याकडे 1957 साली म्हैसूर राज्यातील क्यासनूरच्या जंगलात एक नवा ज्वर उद्भवला, तेव्हा त्याचे विषाणू उत्तरेकडून येणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावरील गोचिडांतून आले असतील काय, अशी शंका निघाली. तिचा छडा लावण्याच्या निमित्ताने जागतिक आरोग्य संघटनेचे साहाय्य मिळून, सालिम अलींच्या नेतृत्वाखाली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने 1959 पासून पक्ष्यांना कडी घालण्याचे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतले. मुंबईत कडे घातलेला एक करडा धोबी वर्षानुवर्षे त्याच एका लहानशा हिरवळीवर परत येत असे, ही हकीकत पक्षिअभ्यासकांत प्रसिद्ध आहे. वाड्यातील वडीलधाऱ्यांचा समज निराधार नव्हता, याला एवढी साक्ष पुरेशी आहे.

परंतु हे प्रमाण मिळविण्यासाठी त्या जिवाला पकडावे लागते, आणि माझ्या मते खरा धर्मप्रश्न येथे उभा राहतो. केसासारख्या बारीक धाग्यांच्या जाळ्यात अडकलेले पाखरू सोडवून, त्याची मान तर्जनी आणि मध्यमा यांच्यामध्ये व पाठ तळहातावर अशा बेताने धरतात. पायात कडे घालून ते पकडीने असे मिटवितात की, ते नळीवर मोकळे फिरावे, पण बोटांवरून निसटू नये. एवढा वेळ त्याचे काळीज तळहाताला जाणवेल इतक्या वेगाने उडत असते. 1972 च्या वन्यजीव कायद्यान्वये सरकारी परवाना घेतला, हात तरबेज असला, सारे थोडक्या मिनिटांत आटोपले, तरी भय ते भयच. आणि ज्या ज्ञानासाठी हे भय त्याला दिले, त्याची गरज त्याला स्वतःला मुळीच नव्हती. मागल्या साली ज्या हौदाकाठी तो वावरला, तो हौद त्याने स्वतः ओळखला होता, म्हणूनच तो आला. म्हणजे ओळख त्याच्याकडे आधीपासून होती. उणीव होती ती आपल्याकडे.

केवळ कुतूहलाच्या तृप्तीसाठी हे भय देणे मला समर्थनीय वाटत नाही. त्याचे समर्थन एकाच वाटेने होते, आणि ती वाट ऋणाची आहे. दरसाल कोणी ना कोणी धोबी येतात अशी समजूत असेपर्यंत एक चौक बुजला तरी ते दुसरीकडे जातील, असे म्हणून मनाची समजूत घालता येत होती. पण अमुक क्रमांकाचा पक्षी याच जागी परत येतो, हे दफ्तरी रुजू झाल्यावर ती सबब उरत नाही. सदाशिव पेठेतील वाडे एकामागून एक पाडले जात आहेत. कात्रजच्या नळाचे पाणी ज्या हौदांत येत असे, त्यांतले कित्येक बुजले, आणि चौकांच्या जागी मोटारी उभ्या राहिल्या. हिमालयापासून अचूक वाट काढीत आलेल्या पक्ष्याला त्याची ओळखीची जागा सापडू नये, हा दोष त्याच्या स्मरणाचा नाही, आपल्या नकाशांचा आहे.

म्हणून पेठेतील माझ्या शेजाऱ्यांना दोन विनंत्या आहेत. पायात कडे असलेला पक्षी जिवंत वा मृत सापडल्यास, कड्यावरील क्रमांक, स्थळ आणि तारीख मुंबईस सोसायटीकडे अवश्य कळवावी. आणि वाड्याच्या पुनर्बांधणीच्या कागदांवर सही करण्यापूर्वी, फरसबंदीतून वगळलेली चार हात ओली जमीन आणि उथळ पाण्याचे एक कुंड नकाशात दाखविले आहे की नाही, हे बांधकाम करणाऱ्याला विचारून घ्यावे.