उगाच

आमच्या बाजूला रस्त्याने जाणाऱ्या माणसाला ‘राम राम’ म्हणायच्या आधी एक प्रश्न विचारतात: “कुठं निघालात?” विचारणाऱ्याला उत्तराची फारशी गरज नसते. बाजाराला, दळण टाकायला, तहसिलीत, पाव्हण्याकडे, यांतले काहीही सांगितले तरी त्याचे समाधान होते आणि तो आपल्या वाटेला लागतो. मात्र काही तरी सांगावे लागते. गेली वीस वर्षे मी पहाटे घोडनदीच्या पुलापर्यंत चालत जातो आणि परत येतो. या प्रश्नाला आजवर मी नाना उत्तरे दिली, आणि त्यांतले एकही खरे नव्हते. खरे उत्तर एका शब्दाचे होते, ‘उगाच’. पण भल्या पहाटे शेताला पाणी द्यायला निघालेल्या माणसापुढे तो शब्द तोंडातून निघत नाही. लाज वाटते.

पुढे गावानेच माझी सोडवणूक केली. मी मास्तर. शिक्षणात मॅट्रिकच्या पुढे माझी मजल गेली नाही, पण चार कादंबऱ्या लिहून झाल्या आहेत. तेव्हा ‘मास्तर मनात कादंबरी जुळवत चालले आहेत’ असा समज लोकांनी परस्पर करून घेतला, आणि मीही तो मोडला नाही. चालण्याला कारण मिळाले. वास्तविक पुलावर उभा राहून मी नदीत पाणी किती आहे ते पाहतो, पलीकडून येणारे मालट्रक मोजतो, आणि पूल ओलांडला की आपण जिल्ह्याबाहेर जाऊ, या विचाराची उगाच मौज वाटून घेतो. पलीकडचा जिल्हा पूर्वी अहमदनगर होता, २०२४ पासून अहिल्यानगर आहे. नदीला याची दाद नाही. ती पुढे दौंडच्या वरच्या अंगाला भीमेला मिळायची ती मिळतेच. यात कादंबरीचे एक पानही नसते.

दोन वर्षांपूर्वी आमच्या आळीत एक जोडपे भाड्याने राहायला आले. दोघेही रांजणगावच्या कारखान्यांत कामाला. ही दोघे पहाटे उठून पळत. तो पुढे, ती मागे, कधी ती पुढे. रविवार उजाडला की फटफटीवर बसून कधी निघोजच्या कुंडावर, कुकडीने खडक कोरून केलेले रांजणखळगे पाहायला, तर कधी यवतजवळ भुलेश्वराच्या डोंगरावर. संध्याकाळी उन्हाने लाल झालेली, धुळीने माखलेली, हसत परत येत. आळीने आठ दिवसांत निकाल दिला. पुरुष म्हणाले, “कामधंदा कमी असंल.” बायका म्हणाल्या, “पोरीला सासू नाय वाटतं घरात.”

दुसरे वाक्य पहिल्यापेक्षा खोल जाते. आपल्याकडे नवरा-बायकोने जोडीने जायचे प्रसंग ठरलेले आहेत. पत्रिकेवर ‘जोडीने यावे’ असे लिहिलेले असते ते लग्नाला किंवा सत्यनारायणाला. देव नाही, मांडव नाही, आणि तरीही दोघे मिळून चालली आहेत, हे दृश्य डोळ्यांना खुपते. आनंदीबाई जोशी अमेरिकेला जाण्यापूर्वी १८८३ साली बंगालमध्ये सेरामपूरला बोलल्या, तेव्हा रस्त्याने चालताना आपल्याला किती चेष्टा सोसावी लागली तेही त्यांनी सांगितले. पुढे त्या डॉक्टर झाल्या म्हणून आपण त्यांचे नाव घेतो. पण त्या चालण्यालाही धैर्य लागलेच असणार. आमच्या आळीतल्या पोरीला कोणी दगड मारला नाही. काळ बदलला आहे. फक्त भुवया वर गेल्या.

एका रात्री जेवताना माझ्या पत्नीने विचारले, “ती दोघं पहाटे बाहेर असतात, तर त्यांची भाकरी कोण करतं?” मी म्हणालो, “करत असतील दोघं मिळून, नाही तर टपरीवर पोहे खात असतील.” ती काही बोलली नाही. पण तो प्रश्न त्या दोघांपाशी थांबला नाही. वीस वर्षे मी पुलावरून परत आलो की चहा तयार असे, अंघोळीचे पाणी तापलेले असे, आणि शाळेत न्यायचा डबा भरलेला असे. भाकरी कोण करते हे मला ठाऊक होते. मी पुलावर उभा असतो त्या वेळी ती केली जाते, एवढेच कधी ध्यानात आले नव्हते.

तुकाराम महाराज देहूजवळच्या भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसत. जिजाई भाकरी घेऊन तो डोंगर चढे, आणि तिच्या पायात काटा मोडला तेव्हा तो विठ्ठलाने काढला, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतो. कीर्तनात जिजाईचा स्वभाव तिखट दाखवतात, लोक हसतात. मीही हसलो आहे. पण या कथेत डोंगर एकच आहे आणि चढणारी दोन आहेत. एक जण मन रिकामे करायला चढतो, दुसरी पदराखाली भाकरी घेऊन चढते. महाराजांचा अधिकार मोठा. त्यांच्या एकांतातून सगळ्या महाराष्ट्राला अन्न मिळाले, त्यांना मी काय बोलणार? पण माझ्या पुलावरून कोणाला काय मिळाले? डोंगराचा आव आणून मी वीस वर्षे नुसताच फिरलो, आणि काटा मात्र दुसऱ्याच्या पायात.

मी तिला म्हटले, “उद्या तूही चल.” ती म्हणाली, “कशाला?” याला उत्तर नव्हते.

तिचे माहेर दौंड. वडील रेल्वेत की-मन होते. खांद्यावर हातोडा आणि पाना, हातात झेंड्या, आणि रोज ठरलेला टप्पा रुळाशेजारून चालायचा. सैल झालेली किल्ली ठोकायची, तडा दिसला तर गाडी थांबवायची. उन्हाळ्यात खडी तापे, पावसाळ्यात पाय घसरे. निवृत्त झाल्यावर ते गल्लीच्या कोपऱ्यापर्यंतदेखील फिरायला गेले नाहीत. डॉक्टरांनी चालायला सांगितले तेव्हा म्हणाले, “माझं चालून झालंय.” अशा घरातल्या मुलीला चालणे म्हणजे ड्यूटी. ती कामाशिवाय करायची, हे तिला कसे पटावे?

शेवटी मी लबाडी केली. कुरकुंभला फिरंगाईच्या दर्शनाला जाऊ म्हणालो. ती लगेच तयार झाली. आमच्या भागातल्या कितीतरी बायकांना घराबाहेर काढले ते देवींनी, नाही तर पंढरीच्या पांडुरंगाने. आषाढात तुकोबांची पालखी दौंड तालुक्यातून जाते, रोटीचा घाट चढते, त्या गर्दीतल्या म्हाताऱ्या पाहिल्या की वाटते, वर्षातले हे दिवस तरी यांना “कुठं निघालात?” या प्रश्नाचे भय नाही. त्यांची भक्ती खरीच आहे. पण भक्तीच्या पदराआड थोडी मोकळी हवाही खाल्ली जात असेल, तर पांडुरंग ती हिशेबात धरणार नाही असे मला वाटते.

श्रावणातला दिवस होता. डोंगर काही मोठा नाही. मी ऐटीत पुढे निघालो, वीस वर्षांचा सराव! अर्ध्या वाटेवर मागे वळून पाहिले तर ती दिसेना. खाली आलो. ती एका बांधाशी वाकून तांदुळजा खुडत होती. ओटीत चांगली जुडीभर भाजी जमली होती. मी चिडलो. “आपण भाजीला आलोय का?” ती म्हणाली, “रिकाम्या हातानं कसं जायचं?” तिने हे काही विचार करून म्हटले नव्हते. पायाला चालण्याचा सराव असतो तसा हाताला भरलेले असण्याचा असतो. माझे हात वीस वर्षे पाठीमागे बांधलेले, तिचे एकदाही नाहीत.

वर पोहोचल्यावर देवीला नमस्कार झाला. मग करण्यासारखे काही उरले नाही. ती बावरली. “निघायचं?” म्हणाली. मी म्हटले, “बसू थोडा वेळ.” खाली कारखान्यांची धुराडी, सोलापूरच्या रस्त्यावरची वाहने, आणि दौंडच्या अंगाला उसाचा हिरवा पट्टा. ती आधी पदर सावरून पाहुण्या बाईसारखी बसली. मग हळूच चपला काढल्या. मग तिला दूर कुठे तरी आगगाडीचा आवाज ऐकू आला, मला तो आलाच नाही, आणि वडील रात्री ड्यूटीवरून आले की त्यांच्या अंगाला लोखंडाचा आणि तेलाचा कसा वास येई ते ती सांगू लागली. लग्नाला इतकी वर्षे झाली. हे मी प्रथम ऐकत होतो. आम्ही दोन तास बसलो. भाजी सुकून गेली.

आता या फिरण्याविरुद्ध एक आक्षेप आहे आणि तो आळीच्या भुवयांइतका हलका नाही. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीचा हंगाम सुरू होतो. बीडकडून टोळ्या येतात, दौंड तालुक्यातल्या फडांत उतरतात. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे ‘कोयता’ म्हणतात. जोडपे म्हणजे एक कोयता. त्यावरच उचल मिळते. तीही दोघे पहाटेच निघतात, थंडीत, जोडीनेच. त्यांच्या शेजारून मी आणि माझी पत्नी प्रकृतीसाठी झपझप चालत गेलो, तर ते त्यांना काय वाटेल? बारामतीच्या शर्यतीत नऊवारी नेसून अनवाणी धावलेल्या लता भगवान करे सर्वांना माहीत आहेत. साठी उलटलेल्या या बाई नवऱ्याच्या उपचारासाठी पैसे हवेत म्हणून धावल्या आणि जिंकल्या. २०२० साली त्यांच्यावर चित्रपट आला, त्यात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली, आणि राष्ट्रीय पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण औषधाला पैसे असते, तर त्या बाईंना एकदा तरी नुसते धावायला मिळाले असते का, हे मनात येते.

माझा एक जुना विद्यार्थी पोलीस भरतीसाठी पळतो. मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे, आणि राखीव दलासाठी पाच किलोमीटर. दौंडला राखीव दलाच्या तुकड्या आहेत, त्या गणवेशाचे स्वप्न घेऊन अशी कितीतरी पोरे अंधारात रस्त्यावर असतात. एकदा तो दम खात माझ्याजवळ थांबला. शेजारून ते भाडेकरू जोडपे पळत गेले. तो म्हणाला, “सर, ह्यांना तर नोकरी हाय. मग कशाला पळत्यात?” त्याच्या आवाजात हेवा नव्हता, नवल होते. पोटापाण्याचा संबंध नसताना माणूस घाम गाळतो हे त्याच्या हिशेबात बसत नव्हते.

मी बरेच दिवस याचा विचार केला, आणि या वेळी खरोखर चालताना केला. आपण फिरायचे थांबलो म्हणून उसाची एक मोळी हलकी होत नाही, हे उत्तर खरे असले तरी सोयीचे आहे. सोयीची उत्तरे मला हल्ली संशयास्पद वाटतात. उलट, ‘उगाच’ या शब्दात पाप आहे असेही मला वाटत नाही. तो कोणाच्या खात्यावर मांडला जातो, तिथे पाप आहे. की-मन सासऱ्यांना, कोयत्यातल्या त्या बाईला, माझ्या विद्यार्थ्याला रिकामा तास मिळत नाही, यात माझ्या चालण्याचा दोष नसेल. पण माझा तास रिकामा आहे तो कोणी भरून दिला म्हणून, हे मला माहीत असलेच पाहिजे. आणि ज्याने भरला त्याला तसाच तास परत मिळतो का, हे पाहिले पाहिजे. एवढा हिशेब मॅट्रिकच्या गणितातही बसतो.

आम्ही आता रोज जोडीने जातो. पत्नीचा वेग माझ्यापेक्षा जास्त निघाला. पुलाच्या अलीकडे ती थोडे पळतेही, साडीला खोच मारून. मागे पडलेला मी कोणी विचारले तर बेधडक सांगतो, “उगाच.” परत आल्यावर भाकऱ्या मी थापतो. त्या नकाशासारख्या होतात, हे मान्य.

पण हिशेब पुरा झालेला नाही. आम्ही दोघे बाहेर पडतो तेव्हा घरात आई असते. पंचाहत्तरी ओलांडलेली. तिचे लहानपण पाबळकडच्या कोरड्या गावात गेले, डोक्यावर हंडे घेऊन. आम्ही जाऊन येईपर्यंत ती अंगण झाडते, पाणी भरते, चहाचे आधण ठेवते. नको म्हटले तरी करते. “तूही चल, पुलापर्यंत नको, मारुतीपर्यंत,” असे म्हटले तर म्हणते, “मी लय चालले. आता मला बसू द्या.” मग बस, म्हटले. ती बसत नाही.

गेल्या रविवारी आम्ही रोजच्यापेक्षा लवकर परतलो. वळणावरून घर दिसले. आई ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती. हात मांडीवर, पाय लांब सोडलेले, ऊन पायांवर आलेले. झाडू कोपऱ्यात तसाच होता. पत्नीने माझा हात धरून मला थांबवले. आम्ही दोघे लिंबाच्या आड उभे राहिलो. किती वेळ ते सांगता येणार नाही. पण कुत्रे भुंकले, आईने मान वळवली, आम्हाला पाहिले, आणि घाईघाईने पाय आवळून शेजारचे सूप पुढे ओढून ती तांदूळ निवडू लागली.