सगळ्यांना ठाऊक असलेलं

काका : वडप्याच्या नाक्यावर उभी राहून बघ. नाशिककडे जाणारा महामार्ग, दोन्ही अंगांना गोदामं, पलीकडे आमण्याला समृद्धी महामार्गाचं टोक. जमीन कोणाची, शब्द कोणाचा चालतो, पोरासोरांनाही ठाऊक आहे. तू अभ्यास कसला करणार?

मी : ठाऊक असणं वेगळं, कागदावर दाखवता येणं वेगळं. गरिबाला घर कच्चं की पक्कं, संडास आहे का, सगळं विचारतात. गोदाममालकाला कोण विचारतं? सातबारा, फेरफार आणि ग्रामपंचायतीचा नमुना ८ शेजारी ठेवून वाचले, तर जमीन कोणाकडून कोणाकडे गेली, बांधकामाच्या मानाने कर लागला का, ते कळेल. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे.

काका : अर्जावर नाव तुझं असेल. उद्या हमालीला गेलेल्या तुझ्या भावाला गेटवरून परत पाठवतील.

मी : म्हणून एकटीने नको, ग्रामसभेत मागू.

काका : ग्रामसभेत बसलेल्या प्रत्येकाच्या घरातलं कोणीतरी त्याच गोदामात आहे.

मी : मग ही भीती हीच पहिली नोंद.

काका : नोंदीने भीती जात नाही.

मी : नाही जात. पण जोतीरावांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ पुरा केला, तेव्हा आपण लुटले जातो हे शेतकऱ्याला माहीतच होतं. ते कोण, कसं करतं, हे मांडल्यावर तक्रारीला पत्ता मिळाला.

काका : पत्ता बदलतो, पोरी. १ एप्रिल १९५७ ला कूळ कायद्याने कसणारा मालक झाला. आज तू ज्यांची नावं शोधतेस, त्यांतले कित्येक त्याच कुळांचे नातू. उद्या तिथे आपलाच कोणी बसेल. त्याचा अभ्यास कोण करणार?

मी : कूळ मालक झालं, ते योग्यच झालं. ज्यांची कूळ म्हणून नोंदच नव्हती, ते मजूर आणि आदिवासी बाहेर राहिले. आणि नव्या मालकाला हिशेब विचारायचा असतो, हे आपण शिकलो नाही. म्हणून नोंदीत ज्याचं पोट गोदामावर अवलंबून आहे त्याचं नाव झाकायचं, कामावर घेणं-काढणं ज्याच्या हाती आहे त्याचं उघडं ठेवायचं.

काका : भावाच्या टोळीचा मुकादम माणसं घेतो, काढतो. त्याचं पोटही मालकाच्याच हातात. त्याचं नाव काय करशील?

मी : मुकादमाचं मला ठरवता येत नाही. मालकाचं येतं. तेवढ्यासाठी मालकाला सोडून देणार नाही.