मागचा वाटाड्या

आमच्या आरमोरीला समुद्र नाही. वैनगंगा आहे, आणि तिला पूर आला की गावातले म्हातारे 'समुद्र झाला, समुद्र' म्हणतात. पण असे म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांनी समुद्र पाहिलेला नसतो. बाकी मग धानाच्या बांध्या, तलाव, कोशाच्या किड्यांना पोसणारी ऐनाची झाडे आणि जंगल. अशा गावच्या माणसाने, पायांत चाकांचे बूट घालून समुद्रकाठचे शहर पाहण्याच्या फेरीविषयी लिहावे, याचे वाचकांना हसू येईल. मलाही आले होते. परंतु त्या फेरीने माझ्या मनात एक प्रश्न उभा केला, आणि तो अजून बसायला तयार नाही.

गेल्या हिवाळ्यात एका कादंबरीच्या कामासाठी मी मुंबईला गेलो. तेथे माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा नोकरीला आहे. एके दिवशी तो म्हणाला, "मामा, आज संध्याकाळी आमच्या फेरीला चला." ही फेरी म्हणजे दहापंधरा हौशी मंडळींचा कंपू. एका ओळीत चार चाके असलेले बूट घालून ही मंडळी नरिमन पॉइंटपासून गिरगाव चौपाटीपर्यंत जातात. वाटेत ठिकठिकाणी थांबतात, आणि माझा भाचा त्यांना शहराची माहिती सांगतो. "अरे, मला चपलेवर नीट चालता येत नाही, चाकांवर काय येणार?" असे मी म्हटले. तो म्हणाला, "तुम्ही पायीच या. शेवटच्या माणसाचा वेग चालण्याइतकाच असतो."

ह्या बुटांचा इतिहास मोठा गमतीचा आहे. अठराव्या शतकात लंडनमध्ये जॉन जोसेफ मर्लिन नावाचा एक कल्पक यंत्रकार होता. एका मेजवानीत तो चाकांचे बूट घालून, सारंगीसारखे ते व्हायोलिन वाजवीत दिमाखाने आला. पण ना त्याला वळता येई, ना थांबता येई. तो थेट एका मोठ्या किमती आरशावर जाऊन आदळला, अशी कथा सांगतात. वळता येणारे बूट पुढे 1863 मध्ये अमेरिकेत जेम्स प्लिम्प्टनने केले. 1980 च्या सुमारास तिकडच्याच मिनेसोटात एका ओळीतल्या चाकांचे बूट नव्याने पुढे आले, आणि त्यांच्या टाचेला थांबण्यासाठी रबराचा ठोकळा बसला. माणसाला वेग आधी सापडला आणि थांबण्याची अक्कल मागाहून आली, असेच म्हणायचे. आमच्यातही काही निराळे नाही.

मुंबईच्या समुद्रकाठालाही ही चाके आता परकी राहिलेली नाहीत. 2022 च्या मार्चअखेर मुंबई पोलिसांनी रविवारी सकाळी काही रस्ते मोटारींना बंद करून लोकांना खेळायला मोकळे करून दिले होते. त्यांत मरीन ड्राइव्हचाही भाग होता, आणि सायकलींबरोबर हे बूटही तेथे उतरले होते. आमची फेरी मात्र रात्रीची. नऊ वाजून गेले होते, गर्दी ओसरू लागली होती. एका बाजूला काळे पाणी, दुसऱ्या बाजूला दिव्यांची ती प्रसिद्ध वळणदार माळ. सर्वांत पुढे माझा भाचा, आणि सर्वांत मागे, पाठीला चमकती पट्टी लावलेली एक तरुण मुलगी. मागे पडणाऱ्याला सांभाळणे, पडेल त्याला उठविणे, कोणी चुकणार नाही हे पाहणे, हे तिचे काम. मी तिच्याबरोबर पायी चाललो होतो.

आमच्या पुढे पन्नाशीच्या एक बाई होत्या. "मुलं आपापल्या वाटेला लागली, आता माझी पाळी," असे त्या हसत म्हणाल्या आणि लगेच पडल्या. ती मुलगी त्यांना उठवायला धावली नाही. त्यांच्याशेजारी खाली बसली, त्यांचा श्वास परत येऊ दिला, मग गुडघा कसा टेकावा आणि हात कोठे ठेवावा हे सांगितले. बाई स्वतःच उठल्या. मी शिक्षक आहे. मला ती पद्धत फार आवडली. पुढच्या साऱ्या वाटेवर त्या बाई दोनदा पडल्या आणि दोन्ही वेळा आपल्या आपण उठल्या.

पहिला मुक्काम गोलसर सज्जांच्या इमारतींसमोर होता. 1930 नंतरच्या काळात, समुद्र हटवून काढलेल्या जमिनीवर ह्या इमारती उभ्या राहिल्या. 2018 मध्ये युनेस्कोने मुंबईतल्या अशा इमारतींच्या समूहाला जागतिक वारशाचा मान दिला. हे सारे मला नंतर कळले. कारण आम्ही तिघे तेथे पोचलो, तेव्हा पुढची मंडळी कठड्यावर बसून पाणी पिऊन ताजीतवानी झाली होती, आणि भाचा म्हणत होता, "आले का सगळे? चला तर मग!" बाईंनी नुकताच कठड्याला हात टेकला होता. त्यांनी तो उचलला.

दुसरा मुक्काम जिमखान्यांपाशी. या वेळी आम्हांला गोष्टीचे शेपूट तेवढे ऐकू आले: "...आणि अखेर 1923 मध्ये त्यांच्या धाकट्या भावाला कर्णधार केलं!" मंडळींनी टाळ्या वाजविल्या. बाईंनी धापा टाकत विचारले, "कोणाला हो?" तोवर चाके फिरली होती.

ती गोष्ट मी रात्री घरी भाच्याकडून पहिल्यापासून ऐकली. पळवणकर बाळू हे चर्मकार समाजातले, डावखुरे फिरकी गोलंदाज. हिंदू जिमखान्याच्या संघाला त्यांनी सामने जिंकून दिले, 1911 मध्ये इंग्लंडच्या दौऱ्यात शंभरावर बळी घेतले. पण पुण्यात खेळत असताना चहाच्या वेळी त्यांना मंडपाबाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे. मैदानावर त्यांच्या हातचा चेंडू सर्वांना चाले, पंगतीला तो हात चालत नसे. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना शेवटपर्यंत मिळाले नाही. ते 1923 मध्ये त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले.

ऐकता ऐकता माझ्या मनात आले, मागे ठेवलेल्या माणसाची ही गोष्ट, आणि ती नेमकी मागे राहिलेल्या बाईंनाच ऐकायला मिळाली नाही! यात कोणाचाही दुष्टपणा नव्हता. भाचा सज्जन आहे. मी त्याला हे बोलून दाखविले तेव्हा तो दुखावला. "मामा, मी मागच्यांना कधी वाऱ्यावर सोडत नाही. त्यांच्यासाठी एक माणूस मुद्दाम ठेवलेला असतो."

हे खरे होते. आणि माझा प्रश्न नेमका येथेच उभा राहतो. मागच्यांसाठी आपण काय ठेवतो? एक दयाळू माणूस ठेवतो. पण गोष्ट मात्र पुढेच ठेवतो. माया मागे आणि ज्ञान पुढे, अशी ही वाटणी आहे. शिवाय विसाव्याचा हिशेबही उलटाच. ज्याला विसाव्याची गरज सर्वांत कमी त्याला तो सर्वांत जास्त मिळतो. आणि जो खरोखर दमलेला असतो, तो पोचतो तेव्हा विसावा संपलेला असतो. आमच्याकडे ताडोब्याच्या जंगलात हेच घडते. पुढच्या गाडीला वाघ दिसतो आणि मागच्या गाडीला धूळ. त्यात कोणी कोणाला फसविलेले नसते. रांगेचा तो स्वभावच आहे. म्हणून तर रांग चालविणाऱ्यावर जबाबदारी येते.

मी हे भाच्याला ऐकवीत होतो, पण बोलता बोलता माझीच जीभ जड झाली. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगा होता. घरची शेती नव्हती. रोवणीच्या दिवसांत आईवडिलांबरोबर तो दुसऱ्यांच्या बांध्यांत जाई. तीन आठवड्यांनी परत आला की बाकाजवळ उभा राहून विचारी, "गुरुजी, काय काय झालं?" मी म्हणे, "कोणाच्या तरी वहीतून उतरवून घे." आवाज माझा गोड असे. मी त्याला कधी मारले नाही, वही नव्हती तेव्हा वही दिली, थंडीत माझा जुना स्वेटर दिला. पण मागे राहिलेला धडा दिला नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो आलाच नाही. हजेरीपटावर मी रोज गैरहजेरीची खूण करीत होतो, आणि ती खूण म्हणजे एक मुलगा आहे हे माझ्या ध्यानात यायला पौष उजाडला. मी स्वतः मॅट्रिकपाशी थांबलेला मनुष्य. मागे राहणे म्हणजे काय ते मला पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. तरीही मी पुढच्या बाकांकडे तोंड करून शिकवीत राहिलो. त्यांचे चेहरे लवकर उजळत, आणि शिक्षकाला त्या उजेडाची सवय लागते.

माझे बोलणे संपल्यावर भाच्याने एक प्रश्न विचारला. "मग पुढच्यांनी काय पाप केलं? त्यांना दरवेळी खोळंबून ठेवलं तर ती पुढच्या वेळी यायचीच नाहीत." हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. चपळ पायांवरही अन्याय होऊ शकतो. पॅरिसमध्ये यावर सरळ तोड काढली आहे: तेथे शुक्रवारी रात्री तरबेज मंडळींची फेरी निघते आणि रविवारी दुपारी नवशिक्यांची वेगळी. दोन तास मजा करायची असेल तर ही सोय उत्तमच. पण गावात शाळा एक, वर्ग एक. तेथे शुक्रवारची मुले आणि रविवारची मुले अशी फोड केली, तर दहा वर्षांनी ती फोड गावात दिसू लागते. रविवारच्या मुलांची पुढे रविवारची माणसे होतात.

1904 मध्ये जोहान्सबर्गहून दरबानला जाताना गांधीजींनी आगगाडीत रस्किनचे एक पुस्तक वाचले आणि त्यांचे आयुष्य बदलले, हे आपण शाळेत शिकतो. 'शेवटच्यालाही' अशा अर्थाचे त्या पुस्तकाचे नाव. 1908 मध्ये गांधीजींनी त्याचा सारांश गुजरातीत लिहिला, तेव्हा त्याला नाव दिले 'सर्वोदय'. पुढे 1936 मध्ये ते आमच्या विदर्भातच, सेवाग्रामला येऊन राहिले. मी मुलांना हा धडा अनेकदा शिकविला आहे. पण रस्किन म्हणतो 'शेवटच्याला', आणि गांधीजी म्हणतात 'सर्वांचा'. ह्या दोन शब्दांतले अंतर मी कधी थांबून पाहिले नव्हते. शेवटच्याला द्यायचे म्हणजे पुढच्याचे काढून घ्यायचे असे नव्हे. शेवटचा येईपर्यंत 'सर्व' पूर्णच होत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ मला आता दिसतो.

परतल्यावर मी एक प्रयोग केला. आमच्याच तालुक्यातल्या वैरागडच्या किल्ल्यावर शाळेची सहल न्यायची होती. दरवर्षी मी पुढे असे. या वेळी मी सर्वांत मागे चाललो आणि दोनच नियम केले. शेवटचे मूल येऊन बसले की विसाव्याचे घड्याळ सुरू होईल; आणि गोष्ट त्यानंतर सुरू होईल. चपळ मुलांना कामे वाटून दिली: बुरूज मोजा, दरवाजा कोणत्या दिशेला ते पाहा, तटाचा कोणता भाग ढासळला ते शोधा, आणि सर्व जमल्यावर सांगा. त्यामुळे ती पुढे धावली खरी, पण काहीतरी घेऊन परत येण्यासाठी धावली.

हे सारे फुकट झाले असे मात्र मी म्हणणार नाही. त्या दिवशी आमचे भंडारेश्वराचे देऊळ पाहायचे राहिले. दोन हुशार मुले फुरंगटून बसली, आणि एका पालकाने दुसऱ्या दिवशी येऊन मला विचारले, "गुरुजी, इतक्या दूर नेऊन अर्धंच दाखवलं?" मी म्हणालो, "अर्धं दाखवलं हे खरं, पण सर्वांना दाखवलं." त्यांचे समाधान झाले नाही. माझेही पुरते झाले असे नाही. कारण देऊळ राहिले ते राहिलेच, आणि बांध्यांत गेलेला तो मुलगाही काही परत आलेला नाही.

असा हा प्रश्न घेऊन मी घरी बसलो असता तो मला स्वयंपाकघरातही दिसू लागला. दिवाळीला आमच्या घरी सारी भावंडे जमतात. पहाटेची आंघोळ होते, फराळाची ताटे मांडली जातात, आणि मग गप्पांना जो रंग चढतो तो वर्षभर पुरतो. माझी आई वाढीत असते. नंतर माझी पत्नी वाढते. सर्वांचे झाल्यावर त्या दोघी ताट घेऊन बसतात, तेव्हा आम्ही हात धुऊन ओसरीवर गेलेले असतो. आतून कधी तरी प्रश्न येतो, "काय झालं रे हसायला?" आणि आम्ही म्हणतो, "काही नाही, असंच." त्यांना चकल्या मिळतात, अनारसे मिळतात, गोष्ट मिळत नाही. इतकी वर्षे त्या 'असंच'मध्ये किती गोष्टी गडप झाल्या असतील कोण जाणे!

या दिवाळीला मुंबईहून भाचा येणार आहे. बाळूंची गोष्ट पुन्हा सांगायला मी त्याला बजावून ठेवले आहे. मात्र वाढण्याचे काम आम्हां पुरुषांकडे, आणि आई व पत्नी येऊन बसल्याशिवाय त्याने तोंड उघडायचे नाही, अशी अट घातली आहे. भाचा म्हणाला, "मामा, तोवर चहा गार होईल." होऊ दे. पुन्हा गरम करता येईल, आणि तोही मीच करीन.